दिवसाढवळ्या अंधार

आमच्या गावात एखादा माणूस दोन दिवस डोळे चोळताना दिसला, की पाण्याच्या रांजणापाशी बायकांची कुजबुज सुरू होते. यानं शपथ कधी घेतली होती? कुणाच्या बाजूनं घेतली होती? कारण आमच्या प्ताह देवाच्या नावानं जो खोटी शपथ घेतो त्याला प्ताह मारत नाही, अंथरुणाला खिळवत नाही, त्याची पोरंबाळंही नेत नाही. तो त्याला दिवसाढवळ्या अंधार दाखवतो. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मीही ते मानत होतो. इतरांपेक्षा जरा जास्तच मानत होतो, आणि त्याला कारण होतं.

मी केन्ना, थडग्याचा लेखनिक. राजा जिवंत असतानाच त्याचं थडगं डोंगरात खोदायला घेतात, आणि खोदणारे, घासणारे, रंगवणारे सगळे आमच्या एका गावचे. कामावर कोण आलं, कोण आलं नाही, का आलं नाही, हे लिहिणं माझ्याकडे. ‘विंचू चावला.’ ‘घरी बिअर गाळायची आहे.’ ‘बायकोनं मारलं.’ कुणाचं कारण कारण म्हणून लिहायचं आणि कुणाचं आळस म्हणून, ते माझ्या मर्जीवर. दिव्याच्या वाती मी वाटायचो, पाथरवटांच्या छिन्न्याही मीच. त्यामुळे लोक तोंडावर गोड बोलायचे आणि पाठ वळली की शाईखाऊ म्हणायचे. हे नाव पेनूबनं ठेवलेलं.

पेनूब पाथरवट. दगड फोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि नकला करण्यातही. मी पाय जरा फाकवून चालतो, खांद्याला बोरूंची पेटी लटकत असते. पेनूब दोन कांदे दोरीला बांधून खांद्यावर टाकायचा, तस्साच चालून दाखवायचा, आणि अख्खी तुकडी पोट धरून हसायची. एकदा माझी बायको हेनूतसुद्धा हसली. ते मी विसरलो नाही.

आता छिन्नीचं. छिन्नीचं तांबं राजाचं असतं, म्हणून प्रत्येक छिन्नीच्या वजनाचा एक दगड कोठीत ठेवलेला असतो. बोथट छिन्नी परत आली की त्या दगडाशी तोलायची, मग धार लावायला पाठवायची. एके दिवशी मुकादम नेफेरहोर कोठी तपासायला आला आणि त्याला एक दगड छिन्नीवाचून एकटाच बसलेला सापडला.

ती छिन्नी मी घेतली होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच डोकं खाजवत बसणार नाही. मुकादमाच्या बायकोकडे हात धुवायची तांब्याची तस्त होती. हेनूत रोज ती बघून यायची आणि घरी येऊन मडकी आपटायची. घरातलं मोडकंतोडकं तांबं गोळा केलं, थोडं कमी पडत होतं, तेवढं छिन्नीनं भरून निघालं. एवढीच गोष्ट. तस्तीपायी कुणाचं नाक जाईल असं माझ्या मनात नव्हतं.

“केन्ना, ही कुणाकडे आहे?” मुकादमानं विचारलं.

“पेनूबकडे,” मी म्हणालो. “नव्या वर्षाच्या सणानंतर पाचव्या दिवशी, सकाळी. माझ्या हातानं दिली.”

दिवस सांगायला नको होता. पण लेखनिकाची खोड, दिवस सांगितल्याशिवाय जीभ उचलत नाही.

वेशीपाशी पंच बसले. पेनूब कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “शाईखाऊच्या हातानं मी? अहो, त्यानं पाणी दिलं तर मी तहानेनं मरेन!” लोक हसले. मग मुकादमानं शिक्षा वाचून दाखवली: राजाचं तांबं चोरणाऱ्याचं नाक आणि दोन्ही कान कापायचे आणि त्याला दक्षिणेच्या खाणीत धाडायचं. त्या खाणीतून परत आलेला माणूस कुणी बघितलेला नाही. हसणं तिथेच थांबलं. पेनूबच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलं आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तेवढ्यात वाजमोस उठला.

वाजमोस आमचा रेखाटणी. पांढऱ्या गिलाव्यावर पहिली रेघ त्याची, मग त्या रेघेवरून पाथरवट कोरणार, मग रंगारी रंग भरणार. पन्नाशीचा माणूस, कमी बोलणारा. पेनूबशी त्याचं काही सख्य नव्हतं, उलट त्याच्या बडबडीला तो वैतागायचा. तो म्हणाला, “पाचव्या दिवशी सकाळपासून दुसरी वात जळून संपेपर्यंत पेनूब आत माझ्याजवळ होता. लाल रंगात भिजवलेली दोरी ताणून भिंतीवर चौकटी आखायला मला दुसरं टोक धरणारा हवा होता. मध्येच दोरी तुटली म्हणून मी त्याला शिवी घातली. तो कोठीकडे गेलाच नाही.”

“प्ताहची शपथ घेशील?”

“घेईन की.” आणि त्यानं हात वर करून घेतली. प्ताह जसा टिकतो आणि राजा जसा टिकतो तसं माझं बोलणं टिको, खोटं असेल तर शंभर फटके आणि पाच जखमा. एकही शब्द अडखळला नाही.

मग मुकादमानं माझ्याकडे बघितलं. सगळ्या गावानं बघितलं. मी हात वर केला आणि तीच शपथ घेतली. माझाही एकही शब्द अडखळला नाही. मी रोज वाचणारा माणूस.

पंचांनी बराच वेळ डोकी एकत्र केली. शेवटी नेफेरहोर म्हणाला, “दोघांनी एकाच देवाची शपथ घेतली आहे. यात एक खोटा. कोण, ते आम्ही कशाला सांगावं? प्ताहच सांगेल. ज्याला दिवसा अंधार दिसेल तो खोटा. तोवर पेनूब कामावर राहील.”

त्या दिवसापासून गावाला एक करमणूक मिळाली. पाणी भरायला जाणाऱ्या बायका मला बोटं दाखवायच्या, “लेखनिकभावोजी, किती?” पेनूब लांबून कांदा फेकायचा, “शाईखाऊ, झेल!” मी झेलायचो. वाजमोसला मात्र कुणी कांदे फेकत नसे. तो डोळे खाली घालून जायचा, घरी यायचा, बायकोच्या हातची डाळ खायचा आणि निवांत झोपायचा. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती, त्याचं घोरणं मला ऐकू यायचं.

मला झोप नव्हती. रोज सकाळी गच्चीवर जाऊन मी डोंगरावरच्या चौकीतले पहारेकरी मोजायचो. चार दिसले की दिवस बरा. एकदा तीनच दिसले आणि मी तिथेच मटकन खाली बसलो. चौथा आडोशाला गेला होता, ते नंतर कळलं. काजळ घातलं, मध घातला, वैद्यानं सांगितलेलं गाढवाच्या लिदीचं औषधही लावलं. भीती काय असते ते मला विचारा. ती पोटात बसते आणि तुमच्याबरोबर जेवते.

शेवटी मी प्ताहला जरा हातभार लावायचं ठरवलं.

आमच्या दिव्याच्या वाती म्हणजे जुन्या कापडाच्या वळलेल्या चिंध्या, चरबीत बुडवलेल्या. चरबीत मीठ घातलं की वात धूर करत नाही. नाही घातलं तर काजळी सुटते आणि डोळे भाजतात. म्हणून मीठ मोजून घालतात. वाजमोस सगळ्यात आतल्या दालनात काम करायचा, जिथे वारा नाही आणि दुसरं माणूसही नाही. त्याच्या वाट्याच्या वाती मी बिनमिठाच्या करून घेऊ लागलो. बाहेर मिठाच्या, आत बिनमिठाच्या. कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं.

महिनाभरानं तो माझ्याकडे आला. डोळे लाल. “केन्ना, वाती धूर फार करतात रे.”

“मीठ कमी आलंय, दादा. नदीपलीकडून पाठवतच नाहीत. सगळ्यांचीच तक्रार आहे.”

“सगळ्यांचीच? मग काय बोलायचं,” तो म्हणाला आणि वाती घेऊन आत गेला. असा तो माणूस. चुकून एखाद्या रंगाऱ्याला विचारलं असतं तर मी उघडा पडलो असतो. पण दुसऱ्यालाही तोच त्रास आहे म्हटल्यावर त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही.

तुम्ही म्हणाल मी त्याचे डोळे घेतले. मी नाही घेतले. घेणारा प्ताह, मी वाती देणारा. प्ताहच्या मनात नसतं तर धुरानं काय होणार होतं? हे मी स्वतःला रोज सांगायचो आणि ते मला पटायचं.

तिसरं वर्ष लागलं. मी एकदा आतलं काम बघायला गेलो. राजा देवाला दोन कमळं देतो आहे अशी भिंत होती, अर्धी कोरून झालेली. कोरलेलं काम सुरेख होतं. पण मी दिवा जवळ नेला तेव्हा मला दिसलं की काळी रेघ एकीकडे आणि छिन्नीची कड दुसरीकडे. राजाचा डोळा रेघेत गालावर उतरला होता, आणि छिन्नीनं मात्र तो जिथे हवा तिथे कोरला होता. हात, कमळं, मुकुट, सगळीकडे तेच. वाजमोसच्या रेघा लाल चौकटी सोडून भटकत होत्या आणि त्याच्या मागून कोरणारा कुणी तरी, एक अक्षर न बोलता, त्या सांभाळून घेत होता.

त्या भिंतीवर पेनूब कोरत होता. किती महिने हे चाललं होतं कोण जाणे. मला तेव्हा काय वाटलं ते सांगतो: राग आला. माझ्यासाठी गावात कुणी एक रेघ सांभाळली नसती.

मी मुकादमाला बोलावून आणलं. भिंत दाखवली. मग वाजमोसला समोर उभं केलं आणि हात पुढे धरला.

“दादा, ही किती बोटं?”

वाजमोस हसला. “हे काय केन्ना, गावच्या बायकांसारखं.”

“सांग तरी.”

“तीन,” तो म्हणाला.

मी मूठ मिटून धरली होती. नेफेरहोरनं मुठीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मागून पेनूब ओरडला, “अरे, इथे उजेड कुठे आहे! मला तरी काय दिसतंय!” पण उपयोग नव्हता. वाजमोसला दालनातून बाहेर, उन्हात आणलं. तिथेही त्यानं तीनच सांगितली.

त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला. दोन वर्षांनी मी पोटभर जेवलो. आणि एक विचित्र गोष्ट झाली. मला वाटायला लागलं, छिन्नी मी पेनूबला दिलीच असेल. देवानं स्वतः सांगितलंय म्हटल्यावर माझ्या आठवणीला कोण विचारतो? तस्तीत हात धुताना मला काही म्हणजे काही टोचलं नाही.

पण नेफेरहोर नियमाचा पक्का. तो म्हणाला, “प्ताहनं दाखवलं, हे खरं. तरी पेनूबचं नाक कापायचं तर वाजमोसनं आपल्या तोंडानं शपथ मागे घेतली पाहिजे. वाजमोस, तू मागे घे. प्ताह दयाळू आहे, कबुली दिलेल्यांना त्यानं डोळे परत दिलेत.”

“मी खरं बोललो होतो,” वाजमोस म्हणाला.

“मग डोळे?”

वाजमोस वळला आणि चाचपत घराकडे निघाला.

महिना गेला. त्याला कामावरून काढलं. शेजारणींनी त्याच्या बायकोला, तमेकेतला, विस्तव देणं बंद केलं. खोट्या माणसाच्या घरी विस्तव द्यायचा तर आपलेही डोळे जातील, अशी भीती. ती भिंतीपलीकडे रोज त्याला समजवायची. “अहो, एकदा म्हणा ना चुकलं म्हणून. काय जातंय?” तो म्हणायचा, “पेनूबचं नाक जातंय.” ती म्हणायची, “पेनूब आपला कोण लागतो?” हे सगळं मी भिंतीला टेकून ऐकायचो. ऐकण्यासारखं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी पेनूब त्याच्याकडे आला. मी हेनूतला गप्प राहायची खूण केली.

“दादा, तुला तो दिवस आठवतोय ना? दोरी तुटली, तू मला शिवी घातलीस.”

“आठवतोय.”

“कोणती शिवी?”

“गाढवाच्या, दोन टोकं बांधता येत नाहीत.”

“हां! तीच.” पेनूब हसला. त्याचं हसणं रडण्यासारखं येत होतं. “मग झालं तर. तू खरं बोललास. मला माहीत आहे, तुला माहीत आहे.”

“मग माझे डोळे का गेले, पेनूब?”

“धुरानं गेले! आणखी कशानं!”

“धूर सगळ्यांनाच होतो.”

भिंतीपलीकडे मी श्वास धरून बसलो. पेनूबनं एवढंच म्हणायला हवं होतं की आमच्या वाती धूर करत नाहीत. पण तो पाथरवट, रेघ आखून झाली की तो दालनात यायचा, स्वतःच्या वाती घेऊन. वाजमोसच्या वातींचा धूर त्यानं कधी पाहिलाच नव्हता. त्याला वाटलं सगळ्यांना म्हणजे सगळ्या रेखाटण्यांना. तो म्हणाला, “ते मला नाही माहीत, दादा. मला एवढंच माहीत आहे की मी घेतली नाही. माझं नाक तुझ्या तोंडात आहे. जप.” आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तमेकेत वाजमोसला हाताला धरून माझ्या दारात घेऊन आली. तिला बाहेर थांबवून तो आत आला, भिंत चाचपत. मी त्याला बसायला चटई दिली, बिअर दिली. तो प्यायला नाही.

“केन्ना, मी आठ दिवस विचार करतोय. तू आणि मी, दोघांनी शपथ घेतली. तुझे डोळे चांगले आहेत?”

“चौकीतले पहारेकरी मोजता येतात, दादा.”

“मला हात लावू दे.”

त्यानं माझ्या पापण्यांवर बोटं ठेवली. रेखाटण्याची बोटं, हलकी. मला वाटलं यानं आता अंगठे रुतवले तर मी ओरडणारही नाही. पण तो फक्त चाचपत होता. मग त्यानं हात काढले.

“मला तो दिवस स्वच्छ आठवतो. दोरी, शिवी, सगळं. पण प्ताहला कसं चुकेल? म्हणून तुला विचारायला आलो. तुझी नजर शाबूत आहे, म्हणजे तू खरा. तू मला समोर बसून सांग. छिन्नी तू पेनूबला दिलीस?”

इथे मी काहीही म्हणू शकलो असतो. हे मला तेव्हाही कळत होतं, आजही कळतं. आत कोपऱ्यात हेनूत उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

“दिली,” मी म्हणालो.

“आणि दोरी?”

“दोरी तुटली, दादा, ते खरंच आहे. पण सहाव्या दिवशी. तुझा एका दिवसाचा घोळ झाला. तू मुद्दाम खोटं बोलला नाहीस, तुला तसंच वाटत होतं. प्ताहला त्याची काय पर्वा? खोटं ते खोटं.”

“सहाव्या दिवशी,” तो म्हणाला. आणि त्याचा चेहरा असा सैल पडला, जणू कुणी डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला. “दिवस चुकला. एवढंच झालं तर. मी खोटा नाही, नुसता विसरभोळा.” तो माझा हात धरून रडायला लागला. “केन्ना, तू मला वेड लागण्यापासून वाचवलंस.”

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तुम्हीही फिरवला असता.

त्याच दिवशी त्यानं वेशीपाशी पंचांसमोर शपथ मागे घेतली. पेनूब पळाला नाही, वाजमोस शपथ मागे घेईल असं त्याला वाटलंच नव्हतं. दोघांनी धरल्यावर त्यानं एकदाच मान वळवून वाजमोसला विचारलं, “दादा, आले का रे डोळे?” तो टोमणा होता की खरंच विचारत होता, मला अजून कळलेलं नाही. नदीकडून पहारेकरी आले. काम वेशीबाहेर दगडावर झालं. मी तिथे उभं राहून लिहिलं, ते माझं कामच होतं: आधी नाक, मग डावा कान, मग उजवा. वाजमोस घरात भिंतीकडे तोंड करून बसला होता, पण आवाज गावभर गेला. दुपारी पेनूबला नावेत घातलं. खाणीपर्यंत तो पोचलाच नाही. तोंडावरची जखम चिघळली, वाटेतच गेला, असं नावाड्यांनी सांगितलं.

मग वाजमोसनं प्ताहला दगड वाहिला. मजकूर मी लिहून दिला: मी वाजमोस, माझी जीभ तुझ्यासमोर घसरली, मी उन्हात उभा असून मला ऊन दिसत नाही, हे वाचणाऱ्यांनो, त्याच्या नावाशी खेळू नका. वर देवाचे दोन कान कोरले, म्हणजे तो ऐकेल. डोंगरातल्या गुहेत प्ताहचं देऊळ आहे, त्यासमोर तो दगड उभा केला आणि वाजमोस रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागला. तोंड उगवतीकडे, डोळे सताड उघडे.

डोळे आले नाहीत.

सहा महिन्यांनी गाव पुन्हा कुजबुजायला लागलं. कबुली अर्धी असेल. आणखी काहीतरी दडवलंय यानं. तमेकेतच त्याला म्हणाली, “आठवा, अजून काय केलंय ते.” बिचारा आठवू लागला. दर सुट्टीला तो माझ्याकडे यायचा आणि मी चुनखडीच्या चपट्या चिपांवर लिहून घ्यायचो. लहानपणी देवळातली अंजिरं खाल्ली. आईला एकदा ढकललं. थडग्यात राजाच्या चित्राकडे पाठ करून वारा सोडला. मी प्रत्येक चीप त्या दगडाच्या पायाशी ठेवून यायचो. ढीग झाला होता.

एके दिवशी तो आला आणि बसण्याआधीच म्हणाला, “लिही. छिन्नी मी घेतली.”

माझ्या हातातला बोरू थांबला. “काय बोलतोस, दादा?”

“विचार कर ना. पेनूब गेला, तरी प्ताह ऐकत नाही. म्हणजे त्याला पेनूब नको होता. तू तर छिन्नी दिलीसच, तुझे डोळे चांगले आहेत. तू पेनूबला दिलीस, पेनूब ती आत घेऊन आला. आत कोण होतं? तो आणि मी. म्हणजे त्याच्याकडून मीच घेतली असणार.”

“तुला आठवतं?”

“नाही. पण माझ्या आठवणीचं काय घेऊन बसलास. मला दोरीसुद्धा पाचव्या दिवशी तुटलेली आठवत होती.”

“दादा, याला नाक-कान जातात.”

“जाऊ देत. नाक नसलं तरी रेघ मारता येते.” तो पुढे झुकला. “फक्त एक अडतंय. घेऊन ठेवली कुठे, ते सापडत नाही. घरभर हात लावून शोधलं. अर्धवट सांगितलेलं प्ताहला चालत नाही, ते आता मला कळलंय. तू चार गोष्टी लिहिणारा, हुशार माणूस. अशी वस्तू घेतली तर माणूस ठेवील कुठे? तू सांग.”

बाहेर ऊन होतं. हेनूत पाण्याला गेली होती. घरात आम्ही दोघंच.

“माणूस ती घरातल्या देव्हाऱ्याखाली पुरतो,” मी म्हणालो. “प्ताहच्याच मूर्तीखाली, कारण तिथे कुणी खणत नाही. वरून चुलीतली राख दाबतो. वीस दिवस थांबतो. मग ओल्या फडक्यात गुंडाळून माशांच्या टोपलीत तळाशी घालतो आणि नदीपलीकडे तांबटाकडे नेतो. नावेत एक बाई विचारते, मासे ताजे आहेत का. माणूस म्हणतो, कालचे आहेत.”

मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी हे कुणाला तरी सांगत होतो. सांगता सांगता माझे डोळे भरून आले आणि ते त्याला दिसत नव्हते.

वाजमोस मान हलवत ऐकत होता. त्याच्या ओठांवर हसू आलं. “हो,” तो म्हणाला. “हो, बरोबर. देव्हाऱ्याखालीच. आणि ती नावेतली बाई. लिही, केन्ना, लिही लवकर.”

मी सगळं लिहिलं, बाईसुद्धा. खाली नाव त्याचं घातलं, दिवस घातला, आणि त्याच्या हाताला धरून त्याला मुकादमाच्या दारापर्यंत पोचवलं.